रिकामं खोकं राहू नये म्हणून

वसुधाला गप्प बसून काम करणं कधी जमलंच नाही. बाविसाव्या वर्षी ती बेळगावात खडेबाजारातल्या एका प्रेसमध्ये मराठी टायपिंगला लागली, तेव्हापासून हात कीबोर्डवर आणि तोंड ज्याच्या त्याच्यावर, असंच तिचं चालत आलं. पत्रिकेत नवऱ्या मुलाच्या नावामागं चार पदव्या आल्या की म्हणायची, "एवढं शिकून मिशी कशी काढायची तेवढं शिकला न्हाई." वाढदिवसाच्या फलकासाठी कुणा पुढाऱ्याचा फोटो आला की म्हणायची, "गॉगल उसना घेतलाय, बघा की, कानावर बसंना." मालक हसायचा, मशीनवरची माणसं हसायची. कुणाला ते लागायचा प्रश्न नव्हता. ज्यांच्याविषयी बोलणं चालायचं ते लोक समोर नसायचे, त्यांचे फोटो असायचे.

पुढं लग्नाची आमंत्रणं फोनवरूनच जायला लागली आणि प्रेस बंद पडला. वसुधा बेळगावातल्याच शहापूर भागातल्या घरी बसली. पण फार दिवस नाही. तिचा धाकटा दीर राघवेंद्र वेबसाइट करून द्यायचा. घराची पुढची खोली हेच त्याचं ऑफिस. वसुधा लग्न होऊन आली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्याच्या वेण्या घालायच्या तेवढ्या राहिल्या, बाकी सगळं तिनं केलं. टाइप करायलाही तिनंच शिकवलं. तेव्हा मराठी मजकुराचं काम आलं की तो आतल्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप आणून ठेवायचा आणि म्हणायचा, "वैनी, तुझं खातं."

निपाणीच्या एका शिक्षणसंस्थेचं काम आलं ते असंच. शाळा, कॉलेज, बी.एड., सगळं एकाच आवारात. वेबसाइट इंग्रजीत, कन्नडमध्ये आणि मराठीत हवी होती. दर्जा ठरवणारी तपासणी समिती येणार होती, आणि संस्थेच्या सचिवांनी, दत्तोपंतांनी, कुठल्यातरी परिपत्रकात वाचलं होतं की वेबसाइट अंध माणसांनाही वापरता आली पाहिजे, तसा कायदाच आहे.

"म्हंजे काय करायचं रं?" वसुधानं विचारलं.

"काय न्हाई. आंधळ्या माणसाचा फोन त्याला पान वाचून दाखवतोय. फोटो आला की फोनला काय कळणार? म्हणून दर फोटोमागं एक खोकं असतंय. फोटोत काय हाय ते त्यात लिहायचं. आपल्याला ते दिसत न्हाई, त्यांचा फोन वाचतोय."

"निपाणीत कोण ऐकणार हाय ते?"

"कोणी न्हाई. पण इंटरनेटवर एक तपासायचं यंत्र असतंय, त्याला खोकं रिकामं दिसलं की मार्क कापतंय. रिकामं राहू नये एवढं बघ. काहीही लिही."

फोटो दोनशे चौदा होते. पहिले तीसेक वसुधानं इमानानं लिहिले. 'दीपप्रज्वलन करताना प्रमुख पाहुणे.' 'पाहुण्यांचे स्वागत करताना मुख्याध्यापिका.' पण तेच पाहुणे तीच समई सात बाजूंनी लावायला लागले तसा तिचा हात सैल सुटला. 'परत तेच पाहुणे. तेल संपत आलंय.' 'सचिवसाहेब. टकलावर ट्यूबलाइट.' 'परीक्षकांचं लक्ष वड्याकडं.' 'ह्या अबोली साडीच्या बाई सगळ्या फोटोंत मधेच कशा?' 'विज्ञान प्रदर्शन. ज्वालामुखी पेटला न्हाई.'

समोर वाटाण्याच्या शेंगा सोलायच्या, एक फोटो उघडायचा, एक ओळ लिहायची. तीन दिवस असं चाललं. रात्री जेवताना ती त्या दिवशीच्या ओळी वाचून दाखवायची. कॅम्पातल्या शाळेत हेडक्लार्क असलेला तिचा नवरा एरवी ताटातून मान वर काढायचा नाही, तोही ठसका लागेपर्यंत हसला. राघवेंद्र म्हणाला, "वैनी, एकही बदलू नको. मराठी पान उघडतंय कोण? तपासणीवाले इंग्रजी बघणार, सरकार कन्नड बघणार."

एकशे त्रेसष्टाव्या फोटोत गॉगल घातलेली एक मुलगी व्यासपीठावर उभी होती. दत्तोपंत तिचा हात धरून त्यात करंडक ठेवत होते. खालचं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. त्या खोक्यात वसुधानं लिहिलं, 'आंधळी पोरगी. दयेचं बक्षीस.'

ही ओळ तिनं वाचली तेव्हा हसणं जरा कमी पडलं. इंजिनिअरिंगला असलेली तिची मुलगी भैरवी म्हणाली, "आई, हे जरा..."

"अगं, कोण वाचणाराय?" म्हणत वसुधानं तिच्या भातावर आमटी वाढली.

तपासणाऱ्या यंत्रानं शंभरपैकी शहाण्णव मार्क दिले. राघवेंद्रानं कुठल्यातरी दुसऱ्या वेबसाइटवरून एक हिरवं चिन्ह उचललं आणि पहिल्याच पानावर चिकटवलं. त्यावर लिहिलेलं होतं, 'दृष्टिहीनांसाठी सुलभ'. समिती येऊन गेली. दत्तोपंतांनी पेढ्यांचा बॉक्स पाठवला.

आठ महिन्यांनी वकिलाची नोटीस आली.

निपाणीच्या स्वराली नावाच्या मुलीनं ती पाठवली होती. जन्मापासून अंध. त्याच कॉलेजात शिकून एम.ए.ला पहिली आलेली. तिला तिथंच बी.एड. करायचं होतं. अर्ज फक्त वेबसाइटवरूनच भरायचा होता, आणि तो तिला भरताच आला नाही. शेवटची तारीख गेली. सुलभ असल्याचं जाहीर करून वेबसाइट सुलभ नव्हती, ही फसवणूक आहे, दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्याचा भंग आहे, राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडं तक्रार दाखल केली आहे, असं त्यात होतं. नोटीस संस्थेला होती, पण संस्थेनं राघवेंद्रशी केलेल्या करारात सुलभतेची जबाबदारी त्याची होती, म्हणून तिची एक प्रत शहापूरच्या पत्त्यावर आली होती. शेवटी एक पुरवणी जोडलेली होती. तिच्यात वसुधाच्या एकवीस ओळी होत्या, एकाखाली एक, क्रमांक घालून. वकिलाच्या टायपिस्टनं त्या अगदी शुद्ध टाइप केल्या होत्या. ट्यूबलाइट, वडा, ज्वालामुखी. एकविसावी ओळ ठळक अक्षरांत होती.

राघवेंद्रानं पुढच्या खोलीत उभ्यानं सगळं वाचलं. मग आत येऊन कागद टेबलावर ठेवला.

"आता गं?"

वसुधा भाकरी थापत होती. तिनं पिठाच्या हातानंच कागद उचलला आणि शेवटच्या पानावर तिच्या बोटांचे पांढरे ठसे उमटले. शेगडीवरची भाकरी करपली तरी तिच्या लक्षात आलं नाही.

"मी लिहितो, मशीननं लिहिलं म्हणून," राघवेंद्र म्हणाला. "हल्ली सगळं मशीनच लिहितंय. फोटो बघून आपोआप ओळी घालणारं सॉफ्टवेअर असतंय, ते चुकलं, आम्ही दिलगीर आहोत. तू कुठंच येत न्हाईस."

"बरं," वसुधा म्हणाली. त्या क्षणी तिला सुटल्यासारखं वाटलं. पुढं कित्येक दिवस तिला जास्त टोचत राहिलं ते हेच.

संस्थेनं मिटवायचा प्रयत्न म्हणून बैठक बोलावली. दुरुस्त्या टिपून घ्यायला राघवेंद्रानं वसुधाला बरोबर नेलं. तवंदीचा घाट उतरताना तो म्हणाला, "काय बोलू नको. नुसतं लिहून घे." ती कशाला बोलते?

दत्तोपंतांच्या खोलीत मोठं टेबल होतं. एका बाजूला दत्तोपंत, राघवेंद्र, वसुधा. दाराशी संस्थेचे जुने क्लार्क मारुतीराव चहाची सोय बघत उभे. स्वराली एकटीच आली. पाच वर्षं ती या इमारतीत शिकली होती. काठी टेकत आली, खुर्चीची पाठ चाचपली आणि बसली. वसुधाला वाटलं होतं, केविलवाणी असेल कुणीतरी. ही तर घट्ट वेणी घातलेली, बोलायला फटकळ अशी मुलगी निघाली.

"सर, नमस्कार. अजून कोण कोण हायत?"

"हे राघवेंद्र, वेबसाइट केलेले," दत्तोपंत म्हणाले आणि चहाकडं वळले. वसुधाचं नाव कुणी घेतलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

स्वरालीनं फोन टेबलाच्या मध्यभागी ठेवून आवाज वाढवला. प्रवेशअर्जाचं पान उघडलं. फोनमधली बाई सपाट आवाजात बोलायला लागली. "एडिट बॉक्स. एडिट बॉक्स. एडिट बॉक्स. बटण. बटण."

"सर, ह्यातल्या कुठल्या खोक्यात माझं नाव घालू?"

दत्तोपंत चष्मा वर करून फोनकडं वाकले. "ते बघ, पहिल्या..." आणि थांबले.

"आणि बटण कुठलं दाबू? एक अर्ज पाठवायचं, एक सगळं पुसायचं. मी दोनदा सगळं पुसलं. तिसऱ्यांदा शेजारच्या काकूंना बसवून भरलं, तर शेवटी चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखा म्हणालं. काकूंना इंग्रजी येत न्हाई, मला दिसत न्हाई. आम्ही दोघी त्या चित्रापुढं अर्धा तास बसलेलो." ती हसली. दत्तोपंतही हसायला गेले, पण त्यांना जमलं नाही.

मग तिनं सूचनांचं पान लावलं. "इमेज. इमेज. इमेज." मराठीतल्या सगळ्या सूचना कागदावर छापून, सही-शिक्का मारून, त्यांचे फोटो चढवलेले होते. इथली सगळीच ऑफिसं असंच करतात. शिक्का दिसला म्हणजे सूचना खरी. वसुधा वहीत लिहीत होती. बटणांना नावं द्यावीत. सूचना टाइप करून घालाव्यात.

"आता फोटो," स्वराली म्हणाली.

तिचं बोट काचेवरून सरकत गेलं आणि फोनमधली बाई वसुधाच्या ओळी वाचायला लागली. प्रेसमध्ये, जेवणाच्या टेबलावर, वसुधाच्या तोंडून ज्या ओळींना हशा मिळायचा, त्या त्या सपाट आवाजात एकेक करून बाहेर पडल्या. "परत तेच पाहुणे. तेल संपत आलंय." "सचिवसाहेब. टकलावर ट्यूबलाइट." दत्तोपंतांचा हात नकळत डोक्याकडं गेला आणि अर्ध्यातूनच खाली आला. दारातल्या मारुतीरावांनी हसू दाबलं. मग त्यांच्याही लक्षात आलं की हे हसण्यासारखं नाही, आणि त्यांनी कपबश्या उचलायला सुरुवात केली.

"आंधळी पोरगी. दयेचं बक्षीस."

स्वरालीनं फोन बंद केला.

"त्या दिवशी काय काय झालं, घरात मला कुणी नीट सांगितलंच न्हाई. आई नुसतं म्हणायची, फोटो झकास आलाय. मी म्हटलं, वेबसाइटवर माझा फोटो हाय, खाली काय लिहिलंय ऐकूया. आईलाबी बोलावलं ऐकायला."

राघवेंद्रानं घसा साफ केला. "मॅडम, त्याबद्दल आम्ही लेखी कळवलंय. ते सॉफ्टवेअरनं आपोआप..."

"व्हय, वाचलं मी. मशीन." ती त्याच्या आवाजाच्या दिशेनं वळली. "ते मशीन लई बारकाईनं बघतंय की. सरांचं टक्कल बघितलं, बाईंच्या साडीचा रंग बघितला, वड्याकडं कोण बघतंय तेबी बघितलं. माझं तेवढं डोळेच बघितले. हातातला करंडक कशाचा हाय, एवढं बघायलाबी त्याला सवड झाली न्हाई."

"वसुधाताई, लिहून घेताय ना सगळं?" काहीतरी बोलायला हवं म्हणून दत्तोपंत म्हणाले.

वसुधानं मान हलवली. ती त्यांना दिसली. स्वरालीला दिसली नाही. त्या खोलीत तिचं नाव पहिल्यांदा निघालं ते तिथं. तेव्हा जरी ती 'हो' म्हणाली असती, तरी एक शब्द तिच्या तोंडून त्या मुलीपर्यंत पोचला असता. वसुधानं वहीत 'फोटो' एवढंच लिहिलं आणि त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या.

बैठकीत ठरलं ते असं. स्वरालीचा अर्ज कागदावर घ्यायचा आणि तिला प्रवेश द्यायचा. महिन्याभरात वेबसाइट नीट करायची. प्रत्येक पान ती स्वतः ऐकून बघेल आणि मगच पुढचं पान. आयुक्तांकडची तक्रार मात्र तिनं मागं घेतली नाही. "आधी झालेलं बघू दे," म्हणाली.

तो महिना वसुधानं मान मोडून काम केलं. बटणांना नावं दिली गेली, चित्रातली अक्षरं गेली, हिरवं चिन्ह काढून टाकलं. सगळ्या जुन्या सूचना तिनं नव्यानं टाइप केल्या. स्वराली ऑफिसच्या फोनवर आवाजी निरोप पाठवायची. "तिसऱ्या पानावर जन्मतारखेचं खोकं अजून मुकंच हाय." वसुधा ते दुरुस्त करून 'झालं. वसुधा, ऑफिस' असं लिहून पाठवायची. एकदा निरोप आला, "वसुधाताई, तुमचं काम चोख असतंय. थँक्यू." तो ऐकून वसुधा उठून मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

फोटो तिनं शेवटी ठेवले. एकशे त्रेसष्टावा सगळ्यांत शेवटी. त्या दिवशी दुपारी तिनं तो मोठा करून पहिल्यांदा नीट बघितला. करंडकावर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'एम.ए. प्रथम क्रमांक'. मुलगी मोरपंखी साडीत होती. मान ताठ. दत्तोपंतांनी हात धरला होता खरा, पण ती करंडक त्यांच्याकडून जवळजवळ ओढूनच घेत होती. पहिल्या रांगेत एक बाई पदर तोंडाला लावून उभी होती, तिच्याच चेहऱ्याची. हे सगळं तेव्हाही इथंच होतं. शेंगा सोलता सोलता तिला गॉगल तेवढा दिसला होता.

तिनं सगळं लिहिलं. साडी, मान, करंडक, पहिल्या रांगेतली आई. लिहून झाल्यावर खोक्यात जागा उरली. वसुधाची बोटं थांबली आणि मग त्याच ओळीला जोडून तिनं आणखी लिहिलं, 'आधीचं मी लिहिलं होतं. मला माफ करा. वसुधा.' हे खोकं राघवेंद्रला दिसणार नव्हतं, दत्तोपंतांना दिसणार नव्हतं, मारुतीरावांना दिसणार नव्हतं. ज्या एकीला कळायला हवं तिलाच ते कळणार होतं. पान चढवून तिनं सुस्कारा सोडला. त्या दिवशी तिला कित्येक दिवसांनी जेवण गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. निरोप नाही, फोनच.

"वसुधाताई का?"

"व्हय."

"त्या दिवशी बैठकीत होता तुम्ही. सरांनी नाव घेतलंतं."

"होते."

"ते खोक्यातलं काढून टाका," स्वराली म्हणाली. "दुसऱ्या कुणी ऐकलं तर? उद्या बी.एड.ला माझ्यासारखी आणखी एखादी येईल. ती माझा फोटो ऐकणार आणि त्यात तुमची माफी ऐकणार. ते माझ्या फोटोत कशाला?"

"काढते. आत्ता काढते. मला वाटलं, तुम्हाला तेवढं..."

"वाईट बोललेलं चार लोकांसमोर वाजलं, आणि माफी अशा ठिकाणी ठेवली की डोळेवाल्या कुणाला दिसायलाच नको. लई सोयीची जागा शोधलासा, ताई." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं वसुधाला वाटलं. "आयुक्तांसमोर काय लिहून दिलंय तुमच्या लोकांनी, ठाऊक हाय न्हवं? मशीननं लिहिलं. म्हंजे मला कुणी काही म्हणालंच न्हाई. मशीनवर कसला राग धरायचा? आई अजून म्हणते, जाऊ दे की, यंत्रच ते."

"मी काय करू सांगा."

"मी कशाला सांगू?" ती म्हणाली आणि फोन ठेवला.

वसुधानं आधी त्या खोक्यातल्या माफीवर पुसण्याची कळ दाबली. पुसायला दोन सेकंद लागले.

रात्री जेवताना तिनं घरात सांगितलं. संस्थेला पत्र देणार, सहीनिशी, की ते मी लिहिलं.

राघवेंद्राचा घास हातातच राहिला. "येडी का काय तू? मी सही करून उत्तर दिलंय, वैनी. तू उलटं दिलंस तर आयुक्तांसमोर खोटं बोललो म्हणून मीच अडकतोय. अजून दोन कॉलेजांची कामं चालू हायत. कोण देईल आपल्याला काम?"

"ठाऊक हाय."

"तुला वाचवायसाठी खोटं बोललो मी!"

"त्यात माझं 'बरं' होतंच की, राघू."

"चूक झाली, दुरुस्त केली," नवरा म्हणाला. "आता उगा जुनं उकरून काय मिळणाराय?" तो भाजी मागायला लागला. भाजी भैरवीनं वाढली. वाढताना तिनं आईकडं बघितलं. ती ओळ वाचून दाखवली त्या रात्री तिनं 'हे जरा...' म्हणून सोडून दिलेलं वाक्य वसुधाला आठवलं. तेवढं पुरं करू दिलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं.

राघवेंद्र ताटावरून उठून गेला. लग्न होऊन आल्यापासून तो अर्ध्या ताटावरून उठला, असं कधी झालं नव्हतं.

दोन दिवसांनी वसुधा एकटीच निपाणीला निघाली. कंडक्टरनं आधारकार्ड बघून बायकांचं फुकट प्रवासाचं शून्याचं तिकीट फाडून दिलं. संकेश्वर येईपर्यंत त्या तिकिटाची तिच्या घामट मुठीत गोळी झाली होती. पर्समध्ये घडी घातलेलं पत्र होतं. मनातल्या मनात ती ते वाचून बघत होती आणि प्रत्येक वेळी एकाच ओळीवर अडत होती.

निपाणीला उतरली तेव्हा दत्तोपंत नव्हते, बारा वाजता येणार होते. पण आता थांबलो तर परत जाऊ, हे तिला पक्कं माहीत होतं. ती ऑफिसात मारुतीरावांच्या टेबलापाशी गेली आणि पत्र पुढं केलं. "आवक करून घ्या. एक प्रत स्वरालीला, एक आयुक्तांना जायला पाहिजे."

फी भरायला आलेल्या पालकांची रांग शेजारच्या खिडकीला लागलेली होती. मारुतीरावांनी पत्र उघडलं, ओठ हलवत वाचलं आणि चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं.

"ट्यूबलाइट तुमचा व्हय?"

"माझाच."

"आणि..." त्यांनी पुढचं म्हटलं नाही. पत्रावर शिक्का मारला, आवक नंबर घातला, आणि सवयीनं कागद स्कॅनरच्या काचेवर ठेवून झाकण लावलं. "पोरीला मेलवर फोटो टाकतो याचा."

"नको, फोटो नको."

"का हो? सही-शिक्का दिसला पाहिजे न्हवं?"

"फोटो गेला तर तिचा फोन नुसता इमेज म्हणणार. तिला काही ऐकू येणार न्हाई." वसुधानं कीबोर्डकडं बोट केलं. "मला बसू द्या. मी टाइप करते."

मारुतीराव खुर्चीवरून उठले. वसुधा बसली. पाचशे लग्नपत्रिका, दोनशे चौदा खोकी, महिनाभराच्या सूचना टाइप केलेल्या तिच्या हातांना त्या कीबोर्डवर अक्षरं सापडेनात. मारुतीराव तिच्या मागं मूळ कागद हातात धरून उभे राहिले. ऑफिसातली जुनी रीत होती ती. टाइप करणारा टाइप करणार, आणि ताळा बघणारा मोठ्यानं वाचणार.

"'मी, वसुधा, राहणार शहापूर, बेळगाव,'" मारुतीराव वाचायला लागले. त्यांचा आवाज चांगला खणखणीत होता. रांगेतल्या दोन बायकांनी माना वळवल्या. "'असं लिहून देते की संस्थेच्या वेबसाइटवरच्या फोटोंची वर्णनं कुठल्याही यंत्रानं लिहिलेली नाहीत. ती मी लिहिली.' झालं?"

"झालं."

"'करमणूक म्हणून लिहिली. घरात वाचून दाखवली. कुमारी स्वराली यांच्या फोटोला मी...'"

ते थांबले. त्यांनी कागद जरा जवळ धरला, जणू अक्षर लागत नव्हतं. पुढं काय आहे ते ऐकायला आता सगळी रांगच थांबली होती.

"वाचा," वसुधा म्हणाली.

"असू दे ताई. तुम्ही टाइप करा, तेवढं मी मनात बघतो."

"न्हाई. ताळा चुकायला नको. मोठ्यानं वाचा."

मारुतीरावांनी वाचलं. चार शब्द. वसुधानं ते चार शब्द टाइप केले, एकेक अक्षर बघून. रांगेतली एक बाई शेजारणीला हळू आवाजात म्हणाली, "असं लिव्हलं? कुणाच्या पोरीला?" शेजारण काय म्हणाली ते वसुधाला ऐकू आलं नाही. तिनं मागं वळून बघितलं नाही.

"खाली नाव कुणाचं घालायचं? संस्थेचं?" मारुतीरावांनी विचारलं.

"माझं," ती म्हणाली आणि पूर्ण नाव टाइप केलं, प्रेसमधल्या कुठल्या पत्रिकेवर कुणाचं घातलं नव्हतं एवढं पूर्ण. मग फोन नंबर. पत्र पाठवायचं बटण दाबण्याआधी तिनं एकदा पहिल्यापासून वाचून घेतलं, ओठ न हलवता. मग तिला वाटलं, हे तिकडं मोठ्यानंच वाजणार आहे, शेजारी आई बसलेली असेल. तेव्हा तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि या खेपेला मोठ्यानं वाचलं.